घट्ट केलेला ट्यूनर

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी., फिजिक्स. हे मी सांगतो, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदवीधर झाल्या त्यांना सांगावं लागत नाही. मला लागतं.

निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी कल्याण पूर्वेच्या आमच्या चाळीतली शेजारची मावशी बंद पडलेला ट्रान्झिस्टर घेऊन दारात उभी राहिली. "सायन्स शिकलास ना रे? मग बघ याला काय झालंय." कॉलेजात आम्ही लंबक हलवले होते, लोलकातून उजेड पाडला होता, रेडिओ उघडून कुणी दाखवला नव्हता. पण मागे वडील उभे होते. डोंबिवलीच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत हेल्पर म्हणून आयुष्य काढलेला माणूस.  त्यांनी मावशीच्या हातातला रेडिओ घेतला आणि माझ्या हातात दिला. आता 'मला येत नाही' म्हणायची सोय राहिली नव्हती.

आत सेलची पट्टी गंजली होती, बाकी काही नाही. ती घासली, रेडिओ वाजला, आणि वडिलांनी संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीला सांगून टाकलं. मग चाळीतले मेलेले रेडिओ एकेक करून आमच्या घरी यायला लागले. मग शिकावंच लागलं. रेडिओची आवड मला अशी लागली, अब्रू वाचवता वाचवता.

नोकरीही पुढे त्याच जातीची मिळाली. कंपनीतले प्रेशर गेज, तापमानाचे मीटर वगैरे तपासायचे, काटा जिथे दाखवायला हवा तिथे आणायचा, आणि मग ज्या स्क्रूने तो आणला त्या स्क्रूवर लाल लाखेचा एक थेंब सोडायचा. थेंबाचा अर्थ एवढाच की हे लावून झालंय, आता कुणी हात लावू नये. इतकी वर्षं मी थेंब सोडत आलोय. असला थेंब मी स्वतःहून कधी तोडत नाही, निदान कारण लिहून ठेवल्याशिवाय तर नाहीच.

ट्यूनर माझ्याकडे आला तो गल्फमधून परतलेल्या एका शेजाऱ्याकडून. मस्कतला कमवलेले पैसे त्याने तिथल्याच दुकानांत गाण्याच्या यंत्रांवर उडवलेले. कोकणात कायमचा जायला निघाला तेव्हा मला बोलावून म्हणाला, "हा घेऊन जा. माझी मुलं याला डीव्हीडी समजतात. सीडी कुठून घालायची विचारतात."

जपानी बनावटीचा, चंदेरी तोंडाचा, चांगला जड. कुणाला माहीत नसेल तर सांगतो: ट्यूनर म्हणजे रेडिओ, पण अर्धा. त्याला स्वतःचा आवाज नसतो, स्पीकर नसतो. हवेतून स्टेशन पकडायचं आणि अँप्लिफायरच्या हातात द्यायचं, एवढंच त्याचं काम. तेवढं एकच काम असल्यामुळे ते तो असं करतो की एकदा ऐकल्यावर बाकीचे रेडिओ पत्र्याचे वाटतात. समोर लांबलचक काचेची पट्टी, तिच्यावर आकडे, आकड्यांवरून सरकणारी सुई, मागून पिवळा उजेड. दोन लहान काटे: एक स्टेशन किती जोरात येतंय ते सांगणारा, दुसरा आपण स्टेशनच्या बरोबर मध्यावर आहोत की नाही ते सांगणारा. आणि एक बटण, आतल्या बाजूला पितळेचं वजन लावलेलं. बोटाने हलकासा झटका दिला की सुई त्या वजनाने सरकत जाते आणि हळूच थांबते. असं बटण आता कुणी बनवत नाही. आता दोन बाण असतात, वर आणि खाली, लिफ्टसारखे.

मोबाइलवर सगळं मिळत असताना हे कशाला, असं लोक विचारतात. मोबाइल मला माझ्याच आवडीचं वाढतो. काल जे ऐकलं तेच आज पुढे करतो, नेहमीच्या वाण्याने न विचारता तीच चहाची पुडी काढून ठेवावी तसा. ट्यूनरवर कुणीतरी कुठेतरी बसून, माझा अजिबात विचार न करता काहीतरी लावलेलं असतं. ते माझ्यापर्यंत आणायचं काम माझ्या बोटांचं. स्टुडिओतसुद्धा आता सगळं कॉम्प्युटरवरूनच वाजतं, हे मला ठाऊक आहे, ते कुणी शिकवायला येऊ नये. खाजगी स्टेशनं तर भांडी घासल्यासारखी वाजतात, त्यांना जगातला कुठलाही ट्यूनर वाचवू शकत नाही. पण सकाळच्या वेळी सरकारी स्टेशनवर जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणं लावतात. त्यात कुणी एक माणूस तंबोरा जुळवत असतो, मागे कुणीतरी खोकतं, आणि चांगल्या ट्यूनरवर तो खोकणारा उजवीकडे दुसऱ्या रांगेत बसलाय हे कळतं. मला ते कळायचं. कल्याण पूर्वेला बसून कळायचं.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. आमच्या आणि मुंबईच्या मध्ये पारसिकचा डोंगर आडवा पडलाय. मुंबईहून निघालेली लहर ठाण्यात सरळ पोचते, आमच्याकडे येते ती डोंगरावरून घसरत, धापा टाकत. साध्या रेडिओला इथे खरखरीशिवाय फारसं काही सापडत नाही. मी अॅल्युमिनियमचे पाइप कापून अँटेना बनवली, सोसायटीच्या गच्चीवर चढवली. पापड घालायला आलेल्या बायकांची बोलणी खात तीन-चार रविवार ती इंचाइंचाने फिरवत राहिलो. एका सकाळी काटा चढला आणि स्टीरिओचा, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा येतोय हे सांगणारा, बारीक लाल दिवा लागला. लागला तो लागलेलाच राहिला. बायको चहा घेऊन आलेली, तिने बघितलं आणि म्हणाली, "अहो, मला पहिल्यांदा बघायला आलेलात तेव्हा पण एवढे हसला नव्हतात."

तो लाल दिवा म्हणजे माझी कमाई होती. पगार कंपनीचा, फ्लॅट बँकेचा, पण तो दिवा कुणी मला दिलेला नव्हता.

ठाण्यात नौपाड्याला गाणं ऐकायची एक बैठक भरते, तिथे मी पोचलो तो कंपनीमुळे. आमच्या उपकरणांची तपासणी करायला दरवर्षी बाहेरचे एक सल्लागार येतात. निवृत्त इंजिनियर, नौपाड्यात त्यांच्या आजोबांपासूनचं घर, बोलणं सावकाश आणि शुद्ध. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणायचो. काम कडक. लाखेचा थेंब तुटलेला दिसला की त्यांचा शेरा पडलाच: सील भंग, उपकरण अविश्वसनीय. एकदा जेवणाच्या सुट्टीत गाण्याचा विषय निघाला, मी दोन वाक्यं बोललो, तर ते चमचा खाली ठेवून म्हणाले, "अरे वा. तुम्हाला यात रस आहे? वाटलं नव्हतं."

हे 'वाटलं नव्हतं' मी त्या दिवशी कौतुक म्हणून घरी आणलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "का नव्हतं वाटलं, ते विचारलंत का?"

दर महिन्याच्या एका रविवारी सकाळी सरांच्या हॉलमध्ये सात-आठ माणसं जमायची. डॉक्टर, वकील, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ ज्यांना कुठल्याही आवाजात 'ऊब' ऐकू यायची. भिंतीला रेकॉर्डची कपाटं, काचेचे व्हॉल्व्ह लावलेले अँप्लिफायर, अंगठ्याएवढ्या जाड वायरी. बैठकीचा एक रिवाज होता आणि तो मला फार आवडायचा. यंत्रांवर चादर टाकायची. सरांच्या पत्नी चादरीआड वायर बदलायच्या आणि बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकून सांगायचं, पहिलं चांगलं की दुसरं. तुकडा संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. चादरीखाली कोण आहे ते कुणाला ठाऊक नाही, हे मला न्यायाचं वाटायचं.

पहिल्या दिवशी मला विचारलं, "तुमच्याकडे सोर्स काय आहे? रेकॉर्ड की सीडी?"

"ट्यूनर."

 ते ऊबवाले गृहस्थ म्हणाले, "म्हणजे रेडिओ?"

"हो."

"आमच्याकडे स्वयंपाकघरात आहे."

सगळे हसले. मीही हसलो. पण पुढच्या महिन्यात ट्यूनर गोधडीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन शीळफाट्यामार्गे नौपाड्यात नेला. शीळफाट्याला ट्रेलर आडवे, अर्धा तास रिक्षा जागची हलेना. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "काय साहेब, मूर्ती आहे का?" मी म्हटलं, तसंच समज.

हा चादरीखाली ठेवा आणि कुणाला सांगू नका, एवढं सरांच्या पत्नींना सांगून ठेवलं. चादरीआड आधी एक रेकॉर्ड वाजली, सरांच्या संग्रहातली. मग वायर बदलली आणि दुसरी मैफल सुरू झाली. हॉलमध्ये कुणी हलेना. डॉक्टरांनी चष्मा काढून हातात धरला. तुकडा संपला तेव्हा ऊबवाले म्हणाले, "दुसरी. प्रश्नच नाही. ही कुठली रेकॉर्ड हो, सर? तुम्ही लपवून ठेवली होतीत."

सर काही बोलायच्या आत चादरीखालून निवेदिकेचा आवाज आला. आत्ता आपण अमुक यांचं गायन ऐकलंत, आता हवामानाचा अंदाज.

त्या दिवसाचं हसू मी अजून विसरलेलो नाही. ते माझ्यावरचं हसू नव्हतं. वकिलांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सर चादर बाजूला करून ट्यूनरसमोर वाकले, ते बटण त्यांनी बोटाने फिरवलं, सुई सरकत गेली तसे त्यांचे डोळे तिच्याबरोबर गेले. आणि म्हणाले, "आठवडाभर ठेवून जा माझ्याकडे. जरा आतून बघतो."

मला नको होतं. पण ज्या घरात आपल्याला पहिल्यांदाच खुर्ची सरकवून दिलीय तिथे नाही म्हणणं फार जड जातं. शिवाय ते सर होते. थेंब तुटला तर शेरा मारणारा माणूस. त्यांच्यापेक्षा सुरक्षित हात दुसरे कुठले असणार? मी गोधडीसुद्धा तिथेच ठेवून आलो.

आठवड्याचा महिना झाला. मग फोन आला. आवाज खुशीत.

"घेऊन जा तुमचं रत्न. सर्व्हिसिंग करून ठेवलंय. आतून पुसला, धूळ फार होती. आणि अहो, आतले किती स्क्रू सैल होते. सगळे घट्ट करून टाकले."

मी विचारलं, "कुठले स्क्रू, सर?"

"ते डब्यांमधले, बारीक बारीक. काळे. अर्धवट वर आलेले होते सगळे."

माझ्या हातात स्टीलचा पेला होता. तो मी ओट्यावर ठेवला आणि ठीक आहे म्हणालो.

ज्यांनी रेडिओ उघडलाय त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. ट्यूनरच्या पोटात पत्र्याच्या लहान डब्या असतात, त्यांच्यात तारेचं वेटोळं, आणि वेटोळ्यात खालीवर होणारा एक ठिसूळ काळा स्क्रू. तो स्क्रू कशालाही धरून ठेवत नाही. तो किती आत गेलाय त्यावर ट्यूनर काय ऐकणार ते ठरतं. कारखान्यात कुणीतरी मीटर लावून, श्वास रोखून, केसभर इकडे केसभर तिकडे करून तो बरोबर जागी थांबवलेला असतो आणि वर थेंब सोडलेला असतो. अर्धवट वर आलेला दिसतो, कारण त्याची जागाच ती आहे. तो घट्ट करणं म्हणजे तंबोरा सैल दिसतोय म्हणून सगळ्या खुंट्या पिळून टाकणं.

गाण्यातली माणसं हे करत नाहीत, त्यांना तंबोरा कळतो. रेडिओतली माणसंही करत नाहीत. हे करतात ते आवाजाचे शौकीन, ज्यांचा आयुष्यभर असा समज असतो की वायर जाड असावी, जोड घट्ट असावा, म्हणजे आवाज सुधारतो. त्यांच्या यंत्रांपुरतं ते खरंही असतं.

ट्यूनर घरी आणला, अँटेना लावली. खरखर. बटण फिरवलं. खाजगी स्टेशनांपैकी दोन कशीबशी आली, एकमेकांच्या अंगावर पडत. सरकारी स्टेशन त्याच्या आकड्यावर नव्हतंच. शोधत गेलो तर ते सुईच्या हिशोबाने दोन घरं अलीकडे सरकलेलं, आणि तेही खरखरीच्या ढिगाखाली. काटा तळाला. लाल दिवा लागला नाही. झाकण उघडलं तर तळाशी लाखेचे कण पडलेले, आमच्या कंपनीत असते तशीच लाल. एक काळा स्क्रू डोक्यापासून चिरलेला आणि चिरून आत अडकलेला.

बायको मागे येऊन उभी राहिली. "मोडला?"

"मोडला नाही. बहिरा झालाय."

"आणि त्यांना सांगणार की गप्प बसणार?"

मी गप्प बसणाऱ्यांतला नाही. पुढच्या बैठकीला ट्यूनर पुन्हा गोधडीत घालून नौपाड्यात घेऊन गेलेलो. सगळे आल्यावर, पोहे यायच्या आधी, सगळ्यांसमोर सांगितलं. "सर, तुम्ही जे घट्ट केलेत ते सैल झालेले स्क्रू नव्हते. ते लावलेले होते. वर लाख होती. आता माझ्या घरी याच्यावर काही येत नाही."

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "असं? बघू या," आणि अँप्लिफायरची वायर जोडली, अँटेनाच्या जागी हातभर तार खोचली, बटण फिरवलं.

ट्यूनर वाजला.

नौपाड्यात तो वाजणारच होता. मध्ये डोंगर नाही, लहर थेट खिडकीतून आत येते. तिथे जेवणाच्या ताटाला दोन तारा लावल्या तरी काहीतरी वाजेल. आवाजाच्या कडा फाटलेल्या होत्या, गाणाऱ्याचा 'स' शिट्टीसारखा येत होता, ते मला ऐकू येत होतं. मी म्हटलं, "ऐका, 'स' ऐका."

ऊबवाले डोळे मिटून म्हणाले, "मला तर आधीपेक्षा भरदार वाटतोय. जास्त ऊब आहे."

मी सुईकडे बोट दाखवलं. "हे स्टेशन इथे नसतं. दोन घरं पुढे असतं. महिन्यापूर्वी याच हॉलमध्ये होतं, तुम्ही सगळ्यांनी बघितलंय."

"जुन्या सेटला स्केल इकडेतिकडे होतंच," सर म्हणाले.

"आणि माझ्या घरी येत नाही त्याचं काय?"

"तुमच्याकडे सिग्नलच कमी पडत असेल हो. शीळफाट्याच्या बाजूला केवढे टॉवर उठलेत आता. महिन्याभरात एखादा आडवा आला असेल."

यात खोटं काही नव्हतं. टॉवर उठलेतच, रोज उठतायत. खोटं नसलेली गोष्ट सांगून माणूस कसा सुटतो, ते मी त्या दिवशी शिकलो.

म्हटलं, "सर, आमच्या कंपनीत लाखेचा थेंब तुटला तर तुम्ही काय शेरा मारता?"

"अहो, ते उपकरण आहे." ते हसून म्हणाले. "हा रेडिओ आहे."

"तुम्ही एकदा कल्याणला या. कुणीही या. उघडून दाखवतो, माझ्या अँटेनावर लावून दाखवतो."

वकील म्हणाले, "कल्याण पूर्व? तिकडून परत यायला व्हिसा लागतो म्हणे." डॉक्टर हसले नाहीत. ते घड्याळ बघत होते. सरांच्या पत्नी पोह्यांचा ट्रे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "वैयक्तिक घेऊ नका हं. ह्यांनी तीन दिवस बसून केलंय ते, किती प्रेमाने." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी बशी घेतली.

बशी घेताना समोरच्या कपाटात माझं लक्ष गेलं. रेकॉर्डच्या खालच्या कप्प्यात चंदेरी तोंड, लांब काच, दोन काटे. माझ्याच ट्यूनरचा भाऊ, त्याच कंपनीचा, पुढच्या क्रमांकाचा.

"हा कधी आला?" मी विचारलं.

"मागच्याच आठवड्यात," सर म्हणाले. चेहरा उजळला त्यांचा. "पुण्याहून मागवला. तुमचा ऐकल्यापासून डोक्यात होतं. आता सगळ्यांनाच हवाय, बरं का. अॅनलॉग ट्यूनरसारखी गोष्ट नाही, हे मी आधीपासून म्हणत होतो."

"आतून बघितलात?"

"छे. एकदम मूळ अवस्थेत आहे. असल्याला हात लावू नये."

हे त्यांनी सहज म्हटलं. ते ढोंग नव्हतं. त्यांच्या डोक्यात या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंधच नव्हता. त्यांचा होता तो ठेवा होता. माझा आला होता तो दुरुस्तीला आलेला होता, मी तो दुरुस्तीला दिला नव्हता तरी. कल्याणहून गोधडीत गुंडाळून आलेली वस्तू मुळातच बरोबर लावलेली असू शकते, हे त्या माणसाच्या मनात शिरलंच नाही. माझ्याबद्दलही त्यांना 'वाटलं नव्हतं'च की.

मग चादर टाकली. त्यांच्या ट्यूनरवर आणि रेकॉर्ड प्लेअरवर. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. तुकडा संपला तसं एकमताने ठरलं की ट्यूनर चांगला. खरंच चांगला होता. मी उठलो, माझा गोधडीत बांधला, निघालो. जिन्यापर्यंत सोडायला सर आले आणि म्हणाले, "विकायचा झाला तर आधी मला सांगा. स्पेअरला उपयोगी पडेल."

कंपनीत ते अजून येतात. मी त्यांना सर म्हणतो, ते माझ्या गेजवरचे थेंब भिंगातून बघतात, सगळे शाबूत असतात. बैठकीच्या ग्रुपवरून मी बाहेर पडलेलो नाही. पडलो असतो तर राग मानला म्हणाले असते. तिथे आता दर महिन्याला कुणाच्या तरी नव्या ट्यूनरचा फोटो येतो. खाली अंगठे. ऊबवाल्यांनीही घेतलाय. स्वयंपाकघरातला नाही, हॉलमधला.

मी माझा पुन्हा लावायला बसलो. धातूचा स्क्रूड्रायव्हर चालत नाही, तो जवळ नेला तरी लहर हलते, म्हणून बायकोची प्लास्टिकची विणायची सुई मागून घेतली आणि तिचं टोक घासून चपटं केलं. कंपनीत मीटर आहेत, पण हे मोजायचं मीटर नाही. कानाने करायचं, काट्याकडे बघत. सकाळी ऑफिसला जायच्या आधी थोडं थोडं. स्टेशन आधी त्याच्या आकड्यावर आणलं, ते सोपं होतं. मग एकेक डबी. पाव फेरा इकडे, काटा चढला, थोडा जास्त झाला, काटा पडला, परत. बरेच आठवडे गेले. बायको रोज जाताना विचारायची, "आज कितपत ऐकतोय?" जणू घरात कुणी आजारी आहे.

सरकारी स्टेशन परत आलं. डोंगरावरून घसरत, धापा टाकत, पण आलं. आवाज स्वच्छ झाला, 'स' परत 'स' झाला. पण तो चिरलेला स्क्रू जागचा हलला नाही. मी जोर लावला नाही. तो फुटला असता तर उरलंसुरलंही गेलं असतं. लाल दिवा कधी लागतो, कधी विझतो, बहुतेक विझलेलाच असतो. गाणारा मधोमध येऊन बसलाय. तंबोराही मध्ये, तबलाही मध्ये, सगळे एकाच चटईवर. कुणी खोकलं तर खोकलं एवढंच कळतं, कुठे बसलाय ते कळत नाही.

एका सकाळी मी विणायची सुई खाली ठेवली आणि बायकोला म्हटलं, "तुझं नेलपॉलिश दे जरा."

"झालं?"

"झालं नाही. पण याच्यापुढे जाणार नाही."

तिने ड्रॉवरमधून दोन बाटल्या आणल्या, गुलाबी आणि लाल. "कुठली लावू तुमच्या लाडक्याला?"

"लाल दे."

कंपनीत थेंब सोडताना हात कधी थांबत नाही, कारण खाली काटा बरोबर असतो. इथे थांबला. मग एकेका डबीवर लाल थेंब सोडत गेलो. चिरलेल्यावरही सोडला. वास घरभर पसरला, बायकोने खिडकी उघडली. वाळेपर्यंत झाकण उघडं ठेवलं आणि ऑफिसला निघालो.